ओरिनची सहाचाकी

ओरिन सॉल्बर्गने एवढी थोरली गाडी घेतली ती सेल्मर रुस्टाडच्या एका ‘हं’पायी.

सेल्मर त्याचा शेजारी. दर हिवाळ्यात तळं गोठलं की ओरिनचं मासेमारीचं खोपटं सेल्मरच्या लाल ट्रॅक्टरला बांधून बर्फावर न्यायचं आणि मार्चमध्ये परत आणायचं, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. खोपटं म्हणजे खाली लाकडी पट्ट्या ठोकलेली, मोठ्या कपाटाएवढी प्लायवूडची खोली. आत बसायचं, बर्फाला भोक पाडायचं, गळ सोडायचा आणि टेलिफोनपासून दूर, कोणी काही विचारणार नाही अशा जागी मुकाट काकडायचं. मिनेसोटाच्या उत्तरेला, नॉर्डाल गावात, त्या काळी यालाच सुख म्हणत. तर त्या वर्षी ओरिन विचारायला गेला तेव्हा सेल्मर नेहमीसारखा लगेच “नेऊ की” म्हणाला नाही. आधी “हं” म्हणाला आणि मग “नेऊ की” म्हणाला.

ओरिन घरी आला तो टोपीसकट खुर्चीत बसला.

“सेल्मर हं म्हणाला,” त्याने बायकोला, आर्डिसला, सांगितलं.

“मग?”

“मग काय मग? हं म्हणाला!”

“घशात काही अडकलं असेल.”

“मीच अडकलोय त्याच्या घशात. इतकी वर्षं!” ओरिन म्हणाला. “आता नाही विचारायचं. या जन्मात सेल्मर रुस्टाडला काही म्हणून विचारायचं नाही. आपली गाडी घेऊ.”

आर्डिस बटाटे सोलत होती. ती म्हणाली, “घे बाई,” आणि सोलत राहिली. नवऱ्याला उद्देशून ती ‘बाई’ म्हणाली की समजायचं, तिने बोलणं सोडून दिलं आहे.

ओरिनचं गावात बुटांचं दुकान होतं. गाड्यांतलं त्याला काही कळत नव्हतं आणि हे शहरातल्या विक्रेत्याला तो दारातून आत येतानाच कळलं. “ओढायचं काय आहे साहेब तुम्हाला?” त्याने विचारलं. आता, प्लायवूडचं खोपटं, एवढंच सांगायचं होतं. पण त्या चकचकीत फरशीवर उभं राहून ते शब्द काही तोंडातून फुटेनात.

“बरंच काही,” ओरिन म्हणाला.

“जड?”

“तसं जडच.”

“चढावर?”

नॉर्डालच्या आसपास दिवसभर चाललं तरी चढ लागत नाही. “कधीमधी,” ओरिन म्हणाला.

प्रत्येक उत्तरासरशी विक्रेता त्याला पुढच्या गाडीपाशी नेत होता, आणि पुढची गाडी मागच्या गाडीपेक्षा थोराड असे. शेवटी भिंत आली. भिंतीला लागून जी उभी होती ती डिझेलवर चालणारी, मागे दुहेरी चाकं, म्हणजे एकूण सहा, आणि नाक एवढं उंच की ओरिनची हनुवटी त्यावर टेकावी. “वाढता पाय आहे, जरा सैलच असू दे,” असं आयांना सांगून ज्याने गावातल्या प्रत्येक पोराला एक माप मोठा बूट विकला होता, त्या माणसाच्या गळ्यात त्या दुपारी तीन मापं मोठी गाडी पडली. आणि वर त्याने विक्रेत्याचे आभारही मानले.

गाडी गावात शिरली तेव्हा लव्हॉनच्या कॉफीच्या दुकानातली पेल्यातली कॉफी थरथरली म्हणतात. सगळे बाहेर आले. गाडीभोवती फिरले. चाकांना पायाने ठोकून पाहिलं. मग चर्चचे पास्टर एंगेब्रेट्सन म्हणाले, “वेगळी आहे.” “हो, वेगळीच आहे,” लव्हॉन म्हणाली. ओरिनचा चेहरा उतरला. नॉर्डालमध्ये कोणी कोणाच्या वस्तूला वाईट म्हणत नाही. घशाखाली न उतरणाऱ्या पदार्थाला ‘वेगळा’ म्हणतात.

सेल्मर सगळ्यांत शेवटी, ओरिन घरी खोपटं गाडीला बांधत असताना, आला. त्याने गाडी पाहिली, मागे बांधलेलं ओरिनचं ते कपाटाएवढं खोपटं पाहिलं, आणि बराच वेळ विचार करून विचारलं, “मागे काही बांधलंय, हे तिला कळतं का रे?”

त्या एका वाक्याने पुढचं सगळं रामायण घडवलं.

पहिलं म्हणजे गाडी गॅरेजात मावेना. तिला बाहेर अंगणात ठेवावं लागलं, आणि डिझेलचं असं आहे की नॉर्डालच्या थंडीत ते तुपासारखं थिजतं. म्हणून गाडीच्या नाकातून एक वायर बाहेर लोंबत असते. ती रात्रभर विजेच्या प्लगला लावून ठेवायची, म्हणजे इंजिन उबेला राहतं. गोठ्यात म्हैस बांधावी तशी ओरिन रोज गाडी बांधू लागला. दोनदा तो वायर न काढताच निघाला. दुसऱ्या वेळी वायरीच्या टोकाला स्वयंपाकघराच्या भिंतीतला प्लग होता, प्लगला भिंतीचा कपचा होता, आणि हे सगळं लटांबर मागे खडखडवत तो चर्चपर्यंत गेला. चर्चच्या आवारात त्या गाडीला दोन गाड्यांची जागा लागे. पास्टरांनी प्रवचनासाठी त्या रविवारी नेमका लोभ हा विषय घेतला. तो योगायोग होता असं ते आजही सांगतात.

आर्डिसला गाडीत चढता येईना. तिच्यासाठी ओरिनने दुकानातलं, गिऱ्हाइकांनी पाय ठेवायचं स्टूल आणलं. ती स्टुलावर चढायची, तिथून गाडीत; मग ओरिनने स्टूल उचलून तिच्या मांडीवर द्यायचं. ते मांडीवर घेऊन ती गावातून सरळ समोर बघत जायची.

आणि खोपटं! सेल्मरचं ते वाक्य ओरिनला झोपू देईना. गाडीला कळायला हवं असेल, तर कळेल असंच काहीतरी करायचं. त्याने जुनं खोपटं मोडून नवं बांधायला घेतलं. लाकडाच्या तुळया, पत्र्याचं छप्पर, आत बिडाची शेगडी, दोन बाकं, खिडकी. खिडकी आहे म्हटल्यावर आर्डिसने पडदा शिवला. पडदा आहे म्हटल्यावर रजया गेल्या, चांगली कॉफीची किटली गेली. जानेवारीत, तळ्यावरचा बर्फ हातभर जाड असताना, त्याने ते धूड तळ्याच्या पार मध्यावर नेऊन ठेवलं. गाडीने एकदाही कुरकुर केली नाही. त्या दिवशी ओरिन दोन्ही हात खिशात घालून तळ्यावर उभा राहिला आणि कोणी बघत आहे का ते त्याने हळूच पाहिलं. कोणी बघत नव्हतं.

खोपट्यावर मालकाचं नाव ठळक अक्षरांत रंगवावं असा नियम आहे. ओरिनने फुटाफुटाची अक्षरं काढली होती. दुसराही एक नियम आहे : मार्चच्या ठरल्या दिवसापर्यंत खोपटं तळ्यावरून हलवायचं. ज्याचं राहील त्याचं नाव साप्ताहिकात छापून येतं, आणि पुढे वसंतात ते खोपटं मालकाच्या नावासकट बुडतं. तळ्याकाठी उभं राहून आपलंच नाव हळूहळू पाण्यात जाताना बघण्यासारखी नामुष्की नाही. ओरिनला ती सोसणारी नव्हती. पण फेब्रुवारीत, जेव्हा शहाणी माणसं आपापली खोपटी काढून आणतात, तेव्हा ओरिनची गाडी अंगणात अडकून पडली होती. एका पोलिसाने रस्त्यात थांबवून नम्रपणे सांगितलं होतं की एवढ्या वजनाच्या गाडीला हा नंबर चालत नाही, जड वाहनाचा नंबर घ्यावा लागतो. तो मिळेपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये.

परवान्याच्या कचेरीत खिडकीमागे एक सुरेख केस विंचरलेली बाई होती.

“धंदा कोणता?” तिने विचारलं.

“बुटांचा.”

“बुटांना एवढी गाडी?”

“बुटांना नाही, खोपट्याला.”

“मग खोपट्यांचा धंदा लिहू?”

“नको, खोपटं एकच आहे.”

“एका खोपट्याचा धंदा होत नाही,” बाई म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली.

असे बरेच हेलपाटे झाले. शेवटी नंबर आला तो खोपटं हलवायच्या अगदी शेवटच्या दिवशी. तोवर आठवडाभर ऊन पडलं होतं. छपरांवरून पाणी ठिबकत होतं. तळ्याचा पांढरा रंग जाऊन राखाडी आला होता.

सेल्मरचा ट्रॅक्टर हलका. गाडीच्या वजनाच्या निम्माही नसेल. तो नेऊन खोपटं आणणं त्या दिवशीही कठीण नव्हतं. ओरिन विचारील म्हणून सेल्मर वाट बघत होता. सेल्मर आपणहून सुचवील म्हणून ओरिन वाट बघत होता. बर्फ कोणाचीच वाट बघत नव्हता.

सकाळी ओरिन लव्हॉनकडे कॉफी प्यायला गेला.

“आज आणणार म्हणे खोपटं?” लव्हॉनने विचारलं.

“विचार आहे.”

“काही लोक नाही नेत जड गाडी, अशा बर्फावर,” पास्टर पेल्यात बघत म्हणाले.

“काही लोक नेतातही,” ओरिन म्हणाला.

“नेतात ना,” लव्हॉन म्हणाली. “गेल्या खेपेला कोण बरं नेत होतं? त्याचं नाव आता आठवत नाही.”

नॉर्डालमध्ये याला आरडाओरडा म्हणतात. यापेक्षा स्पष्ट तिथे कोणी कोणाला अडवत नाही. ओरिनला ते ऐकूही आलं आणि कळलंही. पण टोपी डोक्यावर घालून तो उठला, कारण खिडकीजवळच्या टेबलावर सेल्मर बसला होता आणि एक अक्षर बोलत नव्हता.

आर्डिस स्टूल घेऊन अंगणात तयार उभी होती.

“तू कशाला?” ओरिन म्हणाला.

“माझी किटली आहे तिथे.”

“मी आणतो ना किटली!”

“तू काय काय आणतोस ते बघतेय मी गेल्या शरदापासून,” आर्डिस म्हणाली आणि स्टुलावर चढली.

बर्फावर गाडी न्यायची तर दोन्ही दारं उघडी ठेवायची, पट्टा बांधायचा नाही, म्हणजे बुडताना उडी मारता येते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दारं उघडी टाकून ती सहाचाकी तळ्यावर उतरली. वारा आरपार जात होता. ओरिन कान देऊन ऐकत होता. तळ्यावरचा बर्फ कडाडतो, गडगडतो, तेव्हा काळजी नसते. तो निबर असतो, आपला आपण ताणत असतो. बर्फ गप्प झाला की समजायचं. त्या सकाळी बर्फ गप्प होता.

“काही ऐकू येतंय?” आर्डिसने विचारलं.

“नाही.”

“मलाही नाही,” ती म्हणाली, आणि मांडीवरचं स्टूल तिने घट्ट धरलं.

मध्यावर पोचले. खोपट्याच्या पट्ट्या बर्फात रुतल्या होत्या. ओरिनने पहारीने त्या सोडवल्या, साखळी अडकवली. पहिल्या हिसक्याला काही झालं नाही. दुसऱ्याला मोठ्ठा कडकन् आवाज झाला आणि दोघांनी एकमेकांचे हात धरले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असे हात धरायचे प्रसंग कमीच. पण तो आवाज पट्टी सुटल्याचा होता. खोपटं हललं. मग बैलगाडीच्या चालीने ते निघाले. मागे वळून बघायचं नाही असं ओरिनने ठरवलं होतं. आर्डिस मात्र वळून बघत होती आणि बघितलेलं सांगत नव्हती. मागे चाकांच्या खुणांत पाणी भरत होतं.

काठ दिसू लागला. काठापासून थोडं अलीकडे गावाची भंगार मोटार उभी होती. दर वर्षी एक मोडकी, इंजिन काढलेली मोटार बर्फावर ठेवून ती कोणत्या दिवशी बुडेल यावर गावात पैजा लागत. पैजा अर्थातच जेवणाच्या, कारण चर्चला पैशांच्या चालत नसत. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला घरी बोलवायचं. ओरिनने त्या मोटारीला वळसा घातला आणि तेवढ्यात मागची चाकं खचली.

धाडकन् नाही. सोफ्यावर जाड माणूस बसावा तशी. वरचा थर फुटला होता; खाली पाणी आणि बर्फाचा चिखल, आणि त्याखाली दुसरा थर, जो अजून धरून होता. किती वेळ धरील हे त्यालाच ठाऊक. ओरिनने जोर दिला. चार चाकं जागच्या जागी गरगरली आणि गाडी आणखी वीतभर खाली बसली.

“पाय काढ,” आर्डिस म्हणाली.

“थोडा जोर लावला तर—”

“ओरिन, पाय काढ.”

त्याने पाय काढला. पाण्याचा एक बारीक, चुळुकचुळुक आवाज येऊ लागला.

“तू उतर आणि चालत काठाला जा,” तो म्हणाला.

“मी उतरले तर तू इथे विचार करत बसशील. मी बसलेय तोवर तुला काहीतरी करावं लागेल.”

काठावर माणसं जमली होती. पास्टर होते, दुकान बंद करून लव्हॉन आली होती. त्या दोन गाड्या, भंगार आणि नवी, शेजारी शेजारी उभ्या पाहून कोणीतरी विचारलं, “आता पैज बदलता येते का?” पास्टरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग पास्टरांनीच हळूच विचारलं, “नियम काय आहे?”

एवढ्यात काठाच्या उतारावर फटफट ऐकू आली. लाल ट्रॅक्टर. सेल्मरने तो काठावरच, जमिनीवर उभा केला, मागे लांबलचक दोर बांधला आणि दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून तो पायी, बर्फ चाचपत, सावकाश चालत आला. गाडीपासून काही पावलांवर थांबला. टोपी मागे सरकवली.

“काय ओरिन.”

“काय सेल्मर.”

“ऊन चांगलं पडलंय.”

“पडलंय खरं.”

चुळुकचुळुक चालू होतं. पाणी आता चाकाच्या मध्यावर आलं होतं.

“ओढू का जरा?” सेल्मर म्हणाला.

“छे, छे,” ओरिन म्हणाला. “तुला कशाला त्रास.”

आता हे नीट समजून घ्यायला हवं. नॉर्डालमध्ये कोणी कॉफी विचारली, केक विचारला, गाडीतून सोडतो म्हणाला, तर पहिल्यांदा नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तरी नाहीच म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की “बरं, थोडीशी” म्हणायचं. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा माणूस हावरट. आणि तीन विचारण्यांच्या मध्ये हवापाण्याच्या चार गोष्टी झाल्या पाहिजेत, नाहीतर विचारणारा उरकतोय असं वाटतं. ओरिनने जन्मात कधी दुसऱ्या खेपेला हो म्हटलं नव्हतं. त्याच्या आईने मरताना पाणीसुद्धा तिसऱ्या खेपेला घेतलं होतं.

सेल्मरने आकाशाकडे पाहिलं. “बदकं यायची वेळ झाली.”

“होय, येतील आता.”

“मागल्या वर्षी उशिरा आली.”

“आली होती खरी उशिरा.” ओरिनच्या बुटात पाणी शिरलं होतं. बूट त्याच्याच दुकानातले, आत पाणी येणार नाही असं त्याने शेकडो लोकांना सांगितलेले.

“दोर आणलाच आहे, तर ओढू म्हणतो,” सेल्मर म्हणाला.

“राहू दे, निघेल ती. बघतो काहीतरी.”

दोनदा झालं. आता एकदाच. सेल्मरने दोर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. तोंड उघडलं. काठाकडे पाहिलं, जिथे सगळं गाव उभं होतं, आणि तोंड मिटलं. ओरिनला वाटलं, संपलं. शरदापासून हा माणूस मनात काही धरून आहे. आपण त्याला न विचारता गाडी घेतली, हे याला लागलंय. हा तिसऱ्यांदा विचारणार नाही! आणि विचारलं नाही, तर गाडी जाईल, कारण “ओढ बाबा” असं आपल्याच तोंडाने कसं म्हणायचं, हे ओरिनला खरोखरच माहीत नव्हतं. ते शब्द त्याने कधी वापरले नव्हते. तो ते शोधू लागला. ओठ हलले, बाहेर आलं ते, “तुझे बीट कसे आहेत यंदा?”

“शेत बर्फाखाली आहे अजून,” सेल्मर म्हणाला.

गाडी कुठेतरी खोल कण्हली आणि एका बाजूला कलली.

“सेल्मर!” उघड्या दारातून आर्डिसची किंकाळी आली. “तो हो म्हणतोय! ऐकलंस ना? हो म्हणतोय! बांध तो दोर!”

दोन्ही पुरुष दचकून तिच्याकडे बघू लागले. बर्फ फुटला असता तर इतके दचकले नसते.

“पण अजून तिसऱ्यांदा विचारायचं होतं मला,” सेल्मर दुखावल्या आवाजात म्हणाला. “उगीच घाई नको म्हणून थांबलो होतो.”

“तुम्ही दोघं तळाशी गेल्यावर विचारा एकमेकांना! बांध!”

सेल्मरने बांधला. खोपट्याची साखळी सोडून गाडीत टाकली. आर्डिसला दोघांनी हात देऊन उतरवलं. ती स्टूल पोटाशी धरून काठाकडे चालू लागली आणि मागे बघेना. ओरिन स्टिअरिंगपाशी बसला, एक पाय दाराबाहेर टाकून. सेल्मर काठावर पोचला, ट्रॅक्टरवर चढला. दोर ताठ झाला. इतका ताठ, की त्यातून पाण्याचे थेंब उडाले. काही होईना. ट्रॅक्टरची मागची चाकं काठाच्या ओल्या मातीत फिरू लागली. ओरिनने डोळे मिटले. मग गाडीने एक लांब आचका दिला, नाक वर केलं, आणि तिच्याखाली काहीतरी तडतडत असताना ती वर आली. ओरिनला कळत होतं की बर्फ वाकतोय. तो पाळण्यासारखा वाकत होता. पुढची चाकं वाळूला लागली तेव्हा मागे, जिथे ती उभी होती तिथे, काळं पाणी गोल फुगून वर आलं आणि तिथेच राहिलं.

काठावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पास्टर म्हणाले, “याहून वाईट होऊ शकलं असतं.” सगळ्यांनी माना डोलावल्या. लव्हॉनने डोळे पुसले आणि वारा फार आहे म्हणाली.

ओरिन खाली उतरला. आता काहीतरी बोलावं लागणार होतं, आणि ते सगळ्या गावादेखत. तो ट्रॅक्टरकडे गेला, आणि तिथे पोचल्यावर बोलायचं राहूनच गेलं. कारण ट्रॅक्टर गाडीला ओढता ओढता स्वतः काठाच्या चिखलात पार आसापर्यंत बुडाला होता. सेल्मर वर बसून होता. तो चाकाकडे बघत नव्हता. तो बदकांसाठी आकाश निरखत होता.

ओरिनने त्याच्याकडे पाहिलं. काय विचारायचं, कितीदा विचारायचं, मध्ये काय बोलायचं, सगळं त्याला तोंडपाठ होतं. बुटांत पाणी होतं, दात वाजत होते. त्याने खोपट्याची साखळी उचलली, एक टोक आपल्या गाडीच्या मागे लावलं, दुसरं ट्रॅक्टरच्या नाकाला अडकवलं, आणि चढून बसला.

“अरे ए!” सेल्मर ओरडला. “मी हो म्हटलेलं नाही अजून!”

“मी विचारलेलं नाही अजून!” ओरिन ओरडला आणि त्याने पाय दिला.

सहाही चाकं घट्ट जमिनीवर होती. गाडी हुंकारली, ट्रॅक्टर, सेल्मरसकट, मुळासकट मुळा उपटावा तसा चिखलातून बाहेर आला आणि गवतावर जाऊन उभा राहिला. गाडीला मागे काही आहे हे कळलंसुद्धा नाही.

मग तोच दोर लावून त्यांनी काठावरूनच खोपटं ओढून आणलं, किटलीसकट. साखळी सोडताना सेल्मर वाकला होता, त्यामुळे त्याचा चेहरा दिसत नव्हता. तो गाडीच्या मागच्या चाकांवर हात फिरवत राहिला, एकावर, मग दुसऱ्यावर. 

“वाईट नाही,” तो म्हणाला.

ओरिनने ते ऐकलं. नॉर्डालमध्ये याच्या वरचा शब्द नाही. लग्नात नाही, चर्चमध्ये नाही, कोणाच्या थडग्यावरसुद्धा नाही. त्याला एकदम बसावंसं वाटलं. आर्डिसने स्टूल पुढे केलं.